दगडीबाईच्या नावाची डबी

३ मार्च, सोमवार

खताच्या दुकानातून फुकट मिळालेली ही डायरी दोन महिने फडताळात पडून होती. आज काढली, कारण आज लिहून ठेवावं असं घडलं. धुळ्याच्या एका कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलची मेस आम्हाला मिळते आहे. जवळजवळ मिळालीच. वॉर्डन नूतन मॅडम गेल्या महिन्यात आमच्या सोनगीरला एका साखरपुड्याला आल्या होत्या. तिथं आमचे मांडे खाल्ले आणि विचारत विचारत घरापर्यंत आल्या. चाळीस मुली, दोन वेळचं जेवण. आधीचा ठेकेदार सोडून गेला, म्हणून चोवीस तारखेपासूनच सुरू करायचं.

आम्ही म्हणजे तिघी बायका आणि एक टेम्पो. मी सुलक्षणा. चव माझी, जबाबदारी माझी आणि बोलणंही माझंच. भिकुअक्का सत्तरीला आली, पण भाकरी थापायला बसली की तिला उठवावं लागतं. तिसरी दगडीबाई, ती मांडे ओढते. टेम्पो अमृतराव चालवतात, म्हणजे माझे मिस्टर.

मांडा लाटत नाहीत, ओढतात. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि उलट्या खापरावर टाकायचा. मला येतो, पण मधेच फाटतो. दगडीबाईचा फाटत नाही. चोपड्याच्या वर सातपुड्यात तिचा पाडा आहे. ती इथं कामाला आली तेव्हा तिला मांडा ठाऊकही नव्हता. माझ्या सासूबाईंकडून शिकली आणि माझ्या पुढं गेली. मी तिला तसं कधी म्हटलेलं नाही.

पोट आज पुन्हा गुडगुडतंय. संक्रांतीपासून चाललंय. ढेकर अंड्यासारखे येतात, आणि अंडं तर आमच्या घरात शिजत नाही. पित्तच असणार. ओवा खाल्ला.

५ मार्च, बुधवार

नूतन मॅडमनी कागदांची यादी पाठवली. लायसन्स, आधार, फोटो, सगळं ठीक. शेवटी लिहिलंय की अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकाची आरोग्य तपासणी हवी, आणि त्यात संडासची तपासणी पण. पोटात जंत, जंतू काही आहेत का ते बघतात म्हणे. स्वयंपाक्याच्या हातातून ते जेवणाऱ्याच्या पोटात जातात.

भिकुअक्काला सांगितलं तर तिनं हातातली भाकरी परातीत टाकली. "माय वं, पन्नास वरीस लोकेसले रांधी घातं, आते हाई बी दखाडनं पडी का?" मग स्वतःच हसत सुटली. म्हणाली, सुनेला सांगू नको, ती गावभर करेल.

मला माझी काळजी नाही. दगड खाल्ला तरी पचवेन अशी मी. नवलभाऊंच्या शेतात वांगी आणायला जाते तेव्हा हौदाचंच पाणी पिते, मुळा त्याच हौदात बुचकळून खाते, कधी काही बाधलं नाही. काळजी दगडीबाईची. डोंगरातली बाई, लहानपणापासून नाल्याचं पाणी प्यालेली. तिच्या पोटात काय काय असेल कोण जाणे. हे मी अमृतरावांना म्हटलं. ते म्हणाले, "ती तर उकळलेलं पाणी पिते."

ते खरं आहे. तेही एक नाटकच तिचं. तिचा नातू बादल मागे महिनाभर जुलाबानं आजारी होता. आरोग्य केंद्राच्या आशाताईनं पाणी उकळायला सांगितलं, तेव्हापासून ही बाई शेतात जाताना सुद्धा घरून बाटली नेते. आमच्या माठातलं पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढते, मी सरळ तांब्या बुडवते. आणि हात धुणं तर विचारू नका. राखेनं, नखांत काडी घालून, कोपरापर्यंत. तोवर माझं अर्धं पुरण वाटून होतं.

८ मार्च, शनिवार

धुळ्याला गेलो. लॅबमध्ये ललित नावाचा मुलगा आहे, भला आहे, नीट समजावतो. तीन डब्या दिल्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी चिकटवलेली. सकाळचं ताजं हवं, दोन तासांत पोचवायचं. अमृतरावांनी विचारलं, किती भरायची. ललित म्हणाला, काका, बोराएवढं पुरे. बोर चाळीसगावकडचं की मेहरूणचं, असंही हे विचारणार होते. मी कोपर मारलं.

बारा तारखेपर्यंत त्यांच्या कमिटीला रिपोर्ट पाहिजेत. पुढं होळी, धुळवड, सगळं बंद. आणि दगडीबाई कालच पाड्यावर गेली. भोंगऱ्याचा, म्हणजे होळीआधीचा त्यांचा बाजार आणि होळी, या आठ दिवसांत ती कोणासाठी थांबत नाही. फोन लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. सोळाला येणार.

आता हिची डबी कोण भरणार?

१० मार्च, सोमवार

मार्ग सापडला. कोणाला सांगणार नाही, इथं लिहिते. दगडीबाईची डबी मीच भरणार. एकीचंच दोन ठिकाणी. तसं पाहिलं तर तिचं भलंच करते आहे मी. तिचं खरं दिलं असतं तर काय निघालं असतं देव जाणे. माझं चोख, म्हणजे तिचंही चोख. तिची नोकरी वाचली, मेसही वाचली.

पोट सकाळपासून बिघडलंय, तीनदा जाऊन आले. डबी भरायची अडचण तरी येणार नाही.

११ मार्च, मंगळवार

पोचवल्या. पिशवी अमृतरावांनी टेम्पोत पुढं, गणपतीच्या मूर्तीशेजारी ठेवली होती. मी बघितलं तेव्हा नगाव फाटा मागे पडला होता. पिशवी मांडीवर घेतली आणि गणपतीची माफी मागितली. अमृतराव म्हणाले, "तीन डब्या कशा? दगडीबाई तर पाड्यावर आहे." मी म्हटलं, तुम्ही रस्ता बघा.

१२ मार्च, बुधवार, दुपार

ललितचे रिपोर्ट मोबाइलवर आले. भिकुअक्काचा निर्मळ. दगडीबाईचा उघडला तर त्यात जिआर्डिया. पाण्यातून, मळक्या हातातून पोटात जाणारा जंतू. मला माहीतच होतं. मी म्हणतच होते.

लगेच नूतन मॅडमना फोन केला, आपण होऊन सांगितलेलं बरं. म्हटलं, मॅडम, आमची एक बाई आहे, डोंगरातून येते, या लोकांना स्वच्छतेचं तेवढं नसतं, तिच्या पोटात निघालंय. मॅडम म्हणाल्या, तुम्ही लपवलं नाहीत हे आवडलं, पण त्या बाईला मेसमध्ये नका आणू. मी म्हटलं, नाही आणणार. फोन ठेवला तेव्हा मला फार बरं वाटत होतं. आपण किती सरळ आहोत असं वाटत होतं.

संध्याकाळ

अमृतराव चहा पीत होते. म्हणाले, "तुझा रिपोर्ट काय?"

मी म्हटलं, माझा काय येणार. तरी उघडला. जिआर्डिया.

म्हटलं, बघा, तिचं मला लागलं.

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "सुलक्षणा, दगडीबाईच्या डबीत कोणाचं होतं?"

माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं. डबीवर तिचं नाव, कागदावर तिचं नाव, आणि मी ते नाव वाचून खरं मानलं. हातानं मीच भरलेली डबी. दोन्ही माझ्याच.

माझा रिपोर्ट मॅडमना पाठवला नाही. आज भाजी करपली. तशीच खाल्ली.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. दारात पोरं रंग घेऊन आली, मी दार उघडलं नाही. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्यात. तोंड कडू झालंय. त्यांनी पाणी कुठलं पिता विचारलं. मी हौद सांगितला. ते म्हणाले, त्या हौदात बैल पण पितात ना? मी म्हटलं, कधी कधी. ते लिहीत राहिले.

एक विचार सारखा येतो. दगडीबाई आल्यावर तिला पण याच गोळ्या द्यायच्या. ताकदीच्या आहेत म्हणून सांगायचं. मग तिची खरी डबी द्यायची, ती चांगली निघेल. मॅडमना सांगायचं, बरी झाली. सगळं जागच्या जागी, आणि कोणाला काही कळणार नाही. किती सोपं आहे.

अमृतरावांना सांगितलं. म्हणाले, "तिला आजारच नाही आणि तू औषध घालणार?" एवढंच बोलून टेम्पो धुवायला गेले. काल पण धुतला होता.

१६ मार्च, रविवार

दगडीबाई आली. भोंगऱ्याच्या बाजारातून माझ्यासाठी गूळ-दाण्याचे लाडू आणि हिरव्या बांगड्या आणल्या. पदराला मोहाच्या फुलांचा वास. मी बोलायला तोंड उघडलं तोच भिकुअक्कानं चुलीपासून हाक दिली, "दगडी, तुना पोटमा जंतू निंघना वं. मॅडमनी नही सांगं." अक्काला कोणी सांगितलं असेल? मीच सांगितलं होतं. बारा तारखेला, रिपोर्ट आल्या आल्या, बढाई मारत. नंतरचं मात्र सांगितलं नव्हतं.

दगडीबाई कणकेच्या परातीजवळून उठली. माठावरचा तिचा पेला उचलला, बाजूला ठेवला, आणि ओट्यावर बाहेर जाऊन बसली. तिथून म्हणाली, "परात परत घासून घ्या ताई, मी हात लावला." आणि थोड्या वेळानं, जरा विचार करून, "पण मी तर काही दिलं नाही तपासायला. कसं निघालं?"

अक्का माझ्याकडे बघायला लागली.

तेव्हा मी ओट्यावर गेले आणि सगळं सांगितलं. डबी मी भरली, पोट माझं बिघडलं आहे, नाव तुझं लागलं. आधी तिला समजलंच नाही. समजलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसायला लागली. "म्हणजे ताई, माझ्या नावावर तुमचं?" अक्का हसली, मी पण हसले, मला वाटलं सुटले.

मग ती हसायची थांबली. म्हणाली, "मॅडमला काय सांगितलं माझ्याबद्दल?"

खोटं बोलता आलं असतं. मी जसंच्या तसं सांगितलं, डोंगरातली आणि स्वच्छतेचं पण. सांगताना माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

ती उठली, चपला घातल्या आणि घरी गेली. लाडू ओट्यावरच राहिले.

१७ मार्च, सोमवार

आली नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज पण नाही. एका बारशाचे मांडे होते, मी ओढले. सात फाटले. बारशाच्या आजीबाईंनी ताट बघून विचारलं, दगडीबाई आजारी आहे का? मी म्हटलं, नाही, आजारी मी आहे.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. ती बादलच्या डोक्याला तेल लावत होती. बस म्हणाली, पाणी दिलं. उकळून गार केलेलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "वीस वर्षं तुमच्या घरात हात धुतेय मी. तुम्ही बघत होता ना?"

मी म्हटलं, बघत होते.

"मग?"

मी म्हटलं, उद्या मॅडमकडे जाते, खरं सांगते, मेस गेली तर गेली. ती म्हणाली, "एकट्या जाऊ नका. मी येते. माझ्यासमोर सांगा." आणि तेलाची वाटी झाकून आत गेली.

मेस जाईल असं वाटतं. अमृतरावांनी टेम्पोवर आधीच लिहून घेतलंय, सुलक्षणा भोजनालय, धुळे. पुसता येईल म्हणतात.

१९ मार्च, बुधवार

नूतन मॅडमच्या ऑफिसमध्ये मी खुर्चीवर बसलेच नाही, उभ्यानंच सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. विचारलं, "म्हणजे तुम्ही तपासणीत खोटं नाव घातलंत, आणि वरून या बाईंना बदनाम केलंत?" मी म्हटलं, हो. "आणि तुम्हाला मुलींचं जेवण सोपवायचं?" चाळीस पोरींच्या ताटात माझा हात जाणार होता, हे तोवर मी एकदाही मनात आणलं नव्हतं. मनात आलं ते फक्त मेस मिळेल की नाही एवढंच.

मला रडू आलं. मी मॅडमना म्हटलं, मेस देऊ नका, पण या बाईचं नाव कागदावरून काढा.

तेव्हा दगडीबाई बोलली. एवढं लांब बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "मॅडम, माझी डबी मी आत्ता देते, इथल्या लॅबमध्ये. चांगली निघाली तर स्वयंपाक मी आणि भिकुअक्का करू. ताईंच्या हाताची चव आहे, पण तो हात औषध पुरं होऊन तपासणी होईपर्यंत भांड्याला लागणार नाही. मी लागू देणार नाही."

मॅडमनी तिला विचारलं, स्वयंपाकघरात पाण्याचं काय कराल? तिनं सांगितलं. पाणी उकळायचं कसं, माठ झाकायचा कसा, ओगराळं टांगायचं कुठं, नखं कधी कापायची, संडासहून आल्यावर साबण आणि जेवणाआधी साबण. मॅडम लिहून घेत होत्या. मी पण ऐकत होते, वीस वर्षांत पहिल्यांदा.

मॅडम म्हणाल्या, रिपोर्ट आल्यावर बघू. नाही म्हणाल्या नाहीत.

२१ मार्च, शुक्रवार

दगडीबाईचा रिपोर्ट आला. निर्मळ. ललितनं स्वतः फोन करून सांगितलं आणि विचारलं, काकू, या वेळी डबीत कोणाचं होतं? त्या पोराला कोणी सांगितलं कळत नाही. अमृतराव खिडकीतून बाहेर बघत होते.

मेस मिळाली. कागदावर स्वयंपाकघर प्रमुख म्हणून दगडीबाईचं नाव आहे. तिनं सही केली, हळूहळू, जीभ दातांत धरून. माझं नाव खाली, पुरवठा. म्हणजे मी बाजारातून भाजी आणायची.

२४ मार्च, सोमवार

पहिला दिवस. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. मी दाराबाहेर स्टुलावर. आतून फोडणीचा वास आला आणि मला कळलं की मीठ कमी आहे. वासावरून कळतं मला. ओरडून सांगितलं. दगडीबाईनं आतून विचारलं, किती? मी म्हटलं, अर्धी मूठ. "माझी की तुमची?" मी म्हटलं, तुझी. अशी आमची भाजी झाली.

मुली हातात ताटं घेऊन आल्या. दारात बादली, साबण आणि भिकुअक्का. अक्का एकेकीचे हात उलटेसुलटे बघून सोडत होती. "हाई नख काप, मंग जेव." एका मुलीनं विचारलं, आजी, तुम्ही डॉक्टर आहात का? अक्का म्हणाली, मनी तपासनी झायेल शे. तोंड इतकं गंभीर ठेवून म्हणाली की मला हसू आवरेना.

चाळीस मुलींनी बट्ट्या पुन्हा मागितल्या. अमृतरावांनी भांडी घासली. त्यांची तपासणी पण झाली आहे, पुढच्या आठवड्यापासून पोळ्या लाटायच्या म्हणतात. बघू.

२ एप्रिल, बुधवार

ढेकर बंद. सकाळी उठल्यावर पोटाची आठवणच येत नाही. पित्त नव्हतं तर.

नवलभाऊंच्या शेतात गेले, वांगी घेतली. हौदाजवळून येताना तहान लागली होती. पिशवीत दगडीबाईनं दिलेली बाटली होती. कोमट झालेलं पाणी. प्यायले. नवलभाऊ म्हणाले, वहिनी, हे नखरे कधीपासून? मी म्हटलं, आमच्या प्रमुखांचा हुकूम आहे.

५ एप्रिल, शनिवार

माझी पुन्हा तपासणी. डबीवर नाव घालायला ललितनं पेन पुढं केलं, तर दगडीबाईनं ते घेतलं आणि स्वतः लिहिलं. सु ल क्ष णा. जोडाक्षराला जरा वेळ लागला. मग मी आत असताना दाराबाहेर उभी राहिली. "मी इथंच आहे ताई." आतून मी म्हटलं, दोन डब्या भरू का? बाहेरून ती हसली. सोळा तारखेनंतर पहिल्यांदा हसली.

७ एप्रिल, सोमवार

माझा रिपोर्ट निर्मळ. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांनी अजून एकदा बघू, पण आता स्वयंपाक करा.

आज मुलींना मांडे होते. मी आत गेले. वीस वर्षं मी कुठल्याही स्वयंपाकघरात माझंच असल्यासारखी शिरते, पण आज उंबऱ्यात थांबले. खापर तापलं होतं. दगडीबाईच्या हातावर उंडा होता, कोपराकडे पसरत चालला होता, पातळ होत होत. तिनं तो खापरावर टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "अजून रागावलेली आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. "आधी हात धुवा."

मी धुतले. साबणानं, नखांत काडी घालून, कोपरापर्यंत. ती मांडा भाजता भाजता बघत होती. झाल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरून पालथे केले, पुन्हा उताणे केले, आणि पुरणाचा पुढचा उंडा माझ्या तळहातावर ठेवला.

माझा पहिला मांडा फाटला. दुसरा फाटला नाही.